शब्द छापले, चाल राहिली

जुने मराठी ख्रिस्ती गीतपुस्तक हाती आले तर त्यातली गीते सवडीने वाचावीत. आधी प्रत्येक गीताच्या डोक्यावरची बारीक टायपातली ओळ पाहावी. तिथे कधी नुसते ‘साकी’ असते, कधी ‘दिंडी’, कधी ‘अभंग’. कधी रागाचे नाव आणि पुढे ताल. आणि बऱ्याच ठिकाणी ‘चाल’ असे लिहून पुढे भलत्याच एका गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. ते गाणे नाटकातले असेल, कीर्तनातले असेल, एखादी लावणीही असेल. छापणाऱ्याच्या लेखी एवढे पुरेसे होते. ते गाणे त्या काळी ज्याच्या त्याच्या तोंडी होते. ते गुणगुणायचे, त्यावर नवे शब्द बसवायचे, झाले.

आता पंचाईत अशी, की ते दुसरे गाणेच कोणाला येत नाही. नाटक रंगभूमीवरून उतरले, कीर्तनकार गेले, लावणी विसरली. राहिली ती शीर्षकाजवळची खूण. गीताचे शब्द जसेच्या तसे आहेत, कवीचे नाव आहे, क्रमांक आहे, आणि गायचे कसे हे मात्र कोणी सांगू शकत नाही. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आज चालणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात शेकड्यांनी गीते आहेत. प्रत्यक्ष उपासनेत कानांवर येतात ती त्यांतली थोडी, आणि वर्षानुवर्षे तीच. रविवारी फळ्यावर क्रमांक लिहिणारा माणूस समंजस असतो; ज्याची चाल लोकांना येत नाही असे गीत लावून तो उपासनेची शोभा करून घेत नाही. त्यामुळे न येणारे गीत लागत नाही आणि न लागणारे गीत पुढच्या पिढीला येत नाही.

गेली काही वर्षे नगर (सरकारदरबारी आता अहिल्यानगर), शिरूर, सोलापूर या बाजूंना मी अशी न लागणारी गीते ऐकत फिरतो. न लागणारी गीते ऐकायची म्हणजे आधी ती येणारे माणूस गाठावे लागते. ते बहुधा ऐंशीच्या घरातले असते, त्याला मंडळीत कोणी गायक म्हणत नाही, आणि बऱ्याचदा ती एखादी आजी असते. तिच्याकडे वही असते. शाळेची दोनशेपानी, पाठपुठ्ठा नव्याने चिकटवलेली, आत नवऱ्याच्या, मुलीच्या, नातीच्या हस्ताक्षरांत उतरवलेली गीते. काही छापील पुस्तकात आहेत, काही नाहीत. काही गीतांची छापील पुस्तकात नसलेली कडवी वहीत आहेत. ही जादा कडवी कवीची की कोणा बायबलबाईंनी, म्हणजे मिशनच्या प्रचारिकेने, उत्साहाने जोडलेली, ते ठरवणे अवघड. मी ती दोन्ही रकान्यांत टिपतो.

या गीतांचा उगम पाहायचा तर नगरला जावे लागते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१मध्ये नगरला ठाणे केले. तिथेच १८४२च्या जूनमध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. उपासना म्हटली की गाणे आले, आणि या मंडळींच्या पेटाऱ्यात होती ती न्यू इंग्लंडची गीते. ती मराठीत आणण्याचे काम ज्यांनी नेटाने केले त्यांत हेन्री बॅलंटाइन यांचे नाव पुढे आहे. १८६५मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे आयुष्य नगरच्या कामात गेले, आणि त्यांच्या नावावरची गीते पुढच्या पुस्तकांत टिकून राहिली.

भाषांतरित गीतांची अडचण शब्दांची कमी आणि चालीची जास्त होती. इंग्रजी गीत आघातावर चालते. एक जड अक्षर, एक हलके अक्षर, अशी पावले पडत जातात आणि सूर त्या पावलांना बांधलेला असतो. मराठीला तसा आघात नाही. तिचे वजन ऱ्हस्व-दीर्घात आहे. त्यामुळे परदेशी चालीवर मराठी ओळ चढवली की कुठे ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, कुठे दीर्घाला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. ‘देवा’ मधला ‘वा’ आखूड आणि ‘प्रभु’ मधला ‘भु’ लांबलचक, असे ऐकताना परक्या माणसाला हसू येते. गेल्या पाच-सहा पिढ्या ज्यांनी हे गायले आहे त्यांना मात्र ते खटकत नाही. त्यांच्या कानाला तेच घरचे आहे. अस्सल देशी चालींच्या कैवाऱ्यांना हे पटत नाही. मला वाटते, आजोबांच्या अंत्यविधीला जी चाल गायली गेली ती परदेशी ठरवणारे आपण कोण?

तरी दुसरी वाट लवकरच निघाली आणि ती नगरच्याच माणसांनी काढली. कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. वीणा, टाळ, मृदंग, मागे साथीदार, मध्ये पदे, साक्या, दिंड्या, आर्या आणि बायबलातले आख्यान. कीर्तनाचा साचा मराठी श्रोत्याच्या अंगवळणी पडलेला होता. रस्त्याने जाणारा माणूस प्रवचनाला थांबला नसता, कीर्तनाला थांबे. सांगळ्यांची पदे पुस्तकांत गेली आणि त्यांच्या डोक्यावर ‘चाल’ची ती ओळ आली. पुढे १८८०च्या सुमारास मुंबईकडच्या बेने इस्राएल समाजानेही मराठी कीर्तन स्वीकारले, मोशे आणि योसेफ यांची आख्याने लावली, आणि आज त्यांच्या पदांपुढेही हाच चालीचा प्रश्न आहे.

नगर जिल्ह्यात मिशनच्या मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः महारवाड्यांतून, काही प्रमाणात मांगवाड्यांतून. ही माणसे गाणे शिकायला मिशनच्या शाळेत आली नव्हती. एकतारीवरचे भजन, टाळांचा ठेका, हलगी, सनई ही त्यांच्याकडे पिढीजात होती. गावोगावच्या मंडळ्यांत रात्री कंदिलाच्या उजेडात जी भजने व्हायची त्यांचा ठेका तिथून आला आहे, हे एखादे जुने भजनी मंडळ ऐकले तर कोणालाही कळेल. छापील पुस्तकात याची दाद नाही. शब्द लिहिणाऱ्याचे नाव छापले जाते, चाल लावणाऱ्याचे नाही. आणि चाल लावणारा गावकुसाबाहेरचा असला तर त्याच्या नावाची चौकशीही कोणी केलेली नसते. मिशनच्या अहवालांत बाप्तिस्म्यांचे आकडे आहेत, शाळांचे आहेत, वर्गणीचे आहेत. टाळ कोण वाजवत होते, ते नाही.

नारायण वामन टिळकांपाशी आले की चित्र उजळते. १८६१मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेला हा चित्पावन कवी १८९३मध्ये आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला निघाला. त्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्याच्या हाती नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याची पत्नी लक्ष्मीबाई यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्या कोणालाही हा भाग पाठ असतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे ते बोलत. गीतरचनेत त्यांनी हे अक्षरशः केले: अभंग, ओवी, पद, आरती अशा मराठी घाटांत ख्रिस्तभक्ती ओतली. गीतपुस्तकात त्यांची शंभराहून अधिक गीते गेली. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी आज जी गीते आपसूक येतात त्यांत टिळकांची किती, हे सांगायला मोजदाद लागत नाही.

टिळकांच्या गीतांचे भाग्य असे, की त्यांतली बरीच अभंगात आहेत. अभंगाला एक चाल हरवली तर दहा सापडतात. वारकऱ्याचा कान असलेला कोणीही तो उचलून गाऊ शकतो. साकी-दिंडीचेही तसेच, वृत्तच चाल सांगते. संकटात आहेत ती त्यांची आणि त्यांच्या समकालीनांची पदे, ज्यांचा जीव तत्कालीन एखाद्या लोकप्रिय गाण्याच्या चालीत अडकलेला आहे. लोकप्रिय गाण्याचा आधार घेतला म्हणून ती पटकन पसरली आणि लोकप्रियता ओसरताच आधी तीच गेली. आज सिनेमाच्या चालींवर भक्तिगीते रचणाऱ्यांना कोणी हे सांगत असेलसे वाटत नाही.

टिळकांच्या घरात अर्धे राहिलेले काम पुरे करण्याची रीतच होती. ‘ख्रिस्तायन’ या ओवीबद्ध महाकाव्याचे आरंभीचे अध्याय लिहून ते १९१९मध्ये गेले. पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी. १९३८मध्ये ग्रंथ छापून झाला तेव्हा लक्ष्मीबाईही राहिल्या नव्हत्या. ज्या बाईंना लिहाय-वाचायला नवऱ्याने लग्नानंतर अडखळत शिकवले, त्यांनी इतक्या ओव्या कशा लिहिल्या याचे नवल करणारे लोक एक गोष्ट विसरतात. ओवी त्यांना लिहिता येण्याआधी येत होती. मराठी बाईला ती जात्यावर मिळते.

इंग्रजीतही टिळक पोचले. पुण्यात काम केलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकल यांनी १९१९मध्ये मराठी संतांच्या पदांचा इंग्रजी संग्रह काढला. त्यांनीच टिळकांची काही गीते इंग्रजीत नेली आणि ती पाश्चात्य गीतपुस्तकांत शिरली. जे. सी. विन्स्लो यांचे टिळकचरित्र १९२३चे. परदेशातल्या चर्चमध्ये ही गीते अर्थातच तिकडच्या चालींवर गायली जातात. म्हणजे नगरला अमेरिकेच्या चालींवर मराठी शब्द बसवले गेले होते, त्याची परतफेड झाली.

यापेक्षा जुना आणि मोठा दाखला गोव्यातला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला, साष्टीत राहिला, मराठी इतकी मुरवली की सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ लिहून गेला. ते १६१६मध्ये रायतूरला रोमन अक्षरांत छापले गेले, सतराव्या शतकात आणखी दोनदा छापले गेले. या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ तीनदा छापून नाहीसा होतो तो आपोआप नव्हे. १६८४मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, आणि ज्या ग्रंथावर चर्चची मोहर होती तोही देशी भाषेचा म्हणून अडचणीचा ठरला.

पुराण वाचले ते नकलांनी आणि गळ्यांनी. गोव्याहून दक्षिणेत मंगळुराकडे गेलेल्या कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, उपवासकाळात घरी बसून ओव्या गायल्या. टिपूने १७८४मध्ये मंगळुरी ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले तेव्हा त्या कैदेतही या ओव्यांनी धीर दिला, असे तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कन्नड मुलुखात, कोंकणी बोलणाऱ्या घरांत, मराठी ओवी. विसाव्या शतकातही ती तिथे ऐकू येत होती. तिकडच्याच जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखिते जुळवून १९०७मध्ये मंगळुराला ते पुराण रोमन लिपीत छापले.

पुढचा योग पाहा. लंडनला प्राच्यविद्यांच्या महाविद्यालयात विल्यम मार्सडेन या विद्वानाचा ग्रंथसंग्रह आला होता. त्यात या पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आहे, हे १९२०च्या दशकात जगापुढे आणले जस्टिन अ‍ॅबट यांनी. हे अ‍ॅबट कोण? त्याच अमेरिकन मराठी मिशनचे, ज्यांनी निवृत्तीनंतर एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांना इंग्रजीत नेण्यात आयुष्याची अखेर घालवली. कॅथलिक पुराण प्रॉटेस्टंट मिशनऱ्याला सापडले, आणि संतसाहित्याच्या वाटेने सापडले. १९५६मध्ये शांताराम बंडेलूंनी पुराणाची देवनागरी आवृत्ती पुण्याहून काढली. मार्सडेन हस्तलिखितावरून कारिदाद द्रागो यांनी केलेली आवृत्ती १९९६मध्ये पॉप्युलर प्रकाशनाने छापली. म्हणजे आज कोणालाही ‘ख्रिस्तपुराण’ विकत घेऊन वाचता येते. पण कोणत्याही आवृत्तीत चालीची एक खूण नाही. साष्टीच्या चर्चांत रविवारी दुपारी ते गायले जात होते तेव्हा ओवीचा तिसरा चरण उचलत होते की चौथा खाली आणत होते, सोबत काही वाजत होते की नुसता गळा होता, हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे लिहिणारी नव्हती.

गोव्याने पुढे दुसऱ्या प्रकारचे गाणे जपले आणि तिथे गणित उलटे आहे. गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणारा तो ‘मेस्त’. त्यामुळे उपवासकाळात गायली जाणारी ‘मोतेत’ ही भक्तिगीते हस्तलिखित स्वरलिपीत राहिली, सूर अचूक. रचणाऱ्याचे नाव मात्र अनेक कागदांवर नाही. कागद मेस्ताच्या घरातल्या पेटीत, पेटी माळ्यावर, आणि पावसाळे किती झाले ते वाळवीला ठाऊक.

इंग्लंडात असेच काम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी झाले, आणि तिकडच्या लोकांनी चालीकडे पाहिले म्हणून ते शिकण्यासारखे आहे. राल्फ व्हॉन विल्यम्स हा तरुण संगीतकार १९०३च्या डिसेंबरात एसेक्समधल्या इन्ग्रेव्ह गावी गेला. चार्ल्स पॉटिफर नावाच्या म्हाताऱ्या मजुराने त्याला एक लोकगीत ऐकवले आणि या गड्याला वेडच लागले. सायकलवर, पायी, दारूच्या गुत्त्यांत, गरिबांच्या आश्रमांत, जिथे म्हातारी माणसे भेटतील तिथे तो चाली उतरवत हिंडू लागला. याच सुमारास पर्सी डिअरमर या पाद्र्याने त्याला नव्या गीतपुस्तकाचे संगीत सांभाळायला बोलावले. दोन महिन्यांचे काम म्हणून सांगितले होते, दोन वर्षे लागली. ‘इंग्लिश हिम्नल’ १९०६मध्ये निघाले. व्हॉन विल्यम्स स्वतः नास्तिक होता. पण जगातल्या उत्तमोत्तम आणि भिकारातल्या भिकार चालींच्या संगतीत गेलेली ती दोन वर्षे संगीताच्या कोणत्याही अभ्यासाहून मोलाची होती, असे त्याने पुढे कबूल केले.

त्याने काय केले? ससेक्समधल्या मंक्स गेट या वस्तीत मिसेस व्हेरल नावाच्या बाईंकडून १९०४मध्ये मिळालेली दर्यावर्दी गाण्याची चाल घेतली, ती जॉन बन्यनच्या सतराव्या शतकातल्या यात्रेकरूच्या गीताला लावली आणि चालीला नाव दिले ‘मंक्स गेट’. सरेमधल्या फॉरेस्ट ग्रीन गावी मिळालेली नांगऱ्याची चाल नाताळच्या बेथलेहेमच्या गीताला लावली. नाव ‘फॉरेस्ट ग्रीन’. पाश्चात्य गीतपुस्तकात चालीला स्वतःचे नाव असते, सूर छापलेले असतात आणि किती अक्षरांच्या ओळी ते आकड्यांत दिलेले असते. त्यामुळे एका गीताची चाल सुटी करून दुसऱ्याला लावता येते. मिसेस व्हेरल यांचे गाव आज जगभरच्या गीतपुस्तकांत आहे. नगरच्या महारवाड्यातल्या एकाही एकतारीवाल्याच्या गावाचे नाव आपल्या पुस्तकात नाही. सूर न छापल्याचा हा दुहेरी तोटा आहे.

अर्थात संग्राहकाच्या हातून घातही होतो. फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने १५८२मध्ये जर्मनीत ‘पिए कान्तिओनेस’ हे लॅटिन गीतांचे पुस्तक छापले. त्याची दुर्मीळ प्रत १८५३च्या सुमारास स्टॉकहोममधल्या ब्रिटिश राजदूताने जॉन मेसन नील आणि टॉमस हेल्मोर यांच्या हाती दिली. नील यांनी वसंताच्या स्वागताची एक उडती चाल उचलली आणि तिच्यावर बर्फातून चाललेल्या राजाची गोष्ट रचली. ते ‘गुड किंग वेन्सेस्लास’ आज नाताळात दुकानादुकानांतून वाजते; वसंताचे मूळ गीत विचारायला कोणी जात नाही. पुढे खुद्द डिअरमर यांनीच नील यांच्या शब्दांवर तोंडसुख घेतले. त्याचा उपयोग झाला नाही. जी चाल वाचवली, तिच्याच मूळ शब्दांना नील यांनी घराबाहेर काढले.

अमेरिकेच्या दक्षिणेत तिसरीच रीत आहे. ‘सेक्रेड हार्प’ हे १८४४चे गीतपुस्तक. स्वर ओळखायला सोपे जावेत म्हणून त्यात ‘फा’ त्रिकोणी, ‘सोल’ गोल, ‘ला’ चौकोनी आणि ‘मी’ पत्त्यांतल्या चौकटीच्या आकारात छापलेले. लोक चौकोन करून चार बाजूंना बसतात, आळीपाळीने मधे उभे राहून एकेक जण पुढारी होतो, आणि श्रोता म्हणून कोणी नसतोच. अ‍ॅलन लोमॅक्सने १९४२मध्ये आणि पुन्हा १९५९मध्ये अलाबामात जाऊन त्यांचे ध्वनिमुद्रण केले, ते मोलाचे आहेच. पण पुस्तक टिकले ते ध्वनिमुद्रणामुळे नव्हे. दरसाल ठरलेल्या रविवारी माणसे डबे घेऊन जमतात आणि संध्याकाळपर्यंत गात बसतात, त्यात न आवडणारे आणि अवघड गीतही कोणीतरी लावतेच.

आपल्याकडे चाल हुडकण्याचे काम थोडे गुप्तहेराचे असते. गीतावर ‘चाल’ म्हणून दिलेले शब्द घ्यायचे आणि जुन्या नाटकांची पुस्तके चाळायची. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८०चे, ‘सौभद्र’ १८८२चे. त्यांतली पदे घरोघर पोचली होती, पुढे इतर नाटकांची पोचली. पद सापडले तर नशीब, कारण त्याच्या तबकड्या निघालेल्या असू शकतात. भारतात ग्रामोफोनची मुद्रणे १९०२पासून सुरू झाली आणि मराठी नाट्यपदे त्यात लवकर आली. तबकडीवर गायक ताना घेतो, आलाप करतो; त्या सगळ्यातून चालीचा सांगाडा काढून त्यावर उपासनेचे शब्द ठेवून पाहायचे. बसले की कळते. अक्षरन्‌अक्षर जागेवर जाते आणि कवीने हे गीत याच चालीवर लिहिले यात शंका राहत नाही.

कधी नाटकाच्या पुस्तकात ते पद मिळते आणि त्याच्याही डोक्यावर ‘चाल’ असते! किर्लोस्करांनीही साक्या, दिंड्या, लावण्या, कर्नाटकी पदे यांच्या चाली घेतल्या होत्या. मग आणखी एक पायरी मागे. अशा वेळी पाळकसाहेबांना सांगावे की नाही हा प्रश्न पडतो, की तुमच्या प्रभुभोजनाच्या गंभीर गीताची चाल एका शृंगारिक लावणीची आहे. मी सांगतो. ते हसतात, आणि मंडळीला मात्र सांगू नका म्हणतात.

ध्वनिमुद्रण करताना माझे काही हट्ट आहेत. पेटी नको. आजी पेटीशिवाय गायली तर श्रुती कुठे सरकते, ओळीच्या शेवटी सूर कसा खाली झुकतो ते ऐकू येते. पेटी आली की सगळे बारा पट्ट्यांत कोंबले जाते. गीत पहिल्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत गायला लावायचे, कारण तिसऱ्या-चौथ्या कडव्यात लाज मोडते आणि खरी चाल बाहेर येते. हे गीत कोणाकडून आले, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी गात, ते गायनाआधीच विचारून ठेवायचे, कारण नंतर चहा येतो, नातवंडे येतात आणि विषय निघून जातो. आणि गायल्यावर “हे तुमच्या लहानपणी असेच होते का?” असे विचारायचे. याचे उत्तर बहुधा “नाही, तेव्हा जलद म्हणायचे” असे येते. मग जलद म्हणून घ्यायचे.

ही गीते आणि मुद्रणे लोकांत वाटायची तर कायदा आपण समजतो तितका आड येत नाही. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. सांगळे, बॅलंटाइन, हयातीत छापून झालेले टिळक, हे केव्हाच सर्वांचे झाले आहेत. नंतरच्या कवींचे शब्द, नव्याने बांधलेली चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. कॅसेटच्या जमान्यातले मुद्रण उचलून पुढे ढकलताना हे लक्षात घ्यायला हवे, आणि कोणी घेत नाही. मला खटकते ते वेगळेच. फोनवरून जी गीते हिंडतात त्यांच्यासोबत ना गाणाऱ्याचे नाव असते, ना गावाचे, आणि बऱ्याच वेळा तयार ठेक्याच्या कीबोर्डवर ती चौकोनी करून घेतलेली असतात. एक मुद्रण शंभर मंडळ्यांत गेले की त्या शंभर मंडळ्यांची आपापली चाल महिन्याभरात पुसली जाते. जुने गीत पसरते आहे म्हणून आनंद मानावा तर त्याच पसरण्याने त्याचे बाकीचे अवतार मरतात. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: एका गीताचे एक मुद्रण कधी पाठवायचे नाही, निदान दोन पाठवायची, आणि दोघांची गावे लिहायची.

त्याने भांडणे होतात. एकाच गीताची नगरकडची आणि सोलापूरकडची चाल मी एकत्र पाठवली तेव्हा दोन्हीकडच्या ज्येष्ठांनी एकमेकांची चाल चुकीची ठरवली. सोलापूरची चाल सिनेमातली आहे, असे नगरचे म्हणणे. नगरवाल्यांना मूळ पद कधी येतच नव्हते, ते मिशनच्या शाळेत शिकले, असे सोलापूरचे. एका लग्नात दोन्ही पक्ष समोरासमोर आले आणि जेवणाआधी दोघांनी आपापली चाल पुरी गाऊन दाखवली. ऐकता ऐकता तिसऱ्या गावच्या एका मावशी पुढे आल्या, दोन्ही चुकीच्या आहेत म्हणाल्या, आणि तिसरीच सुरू केली. तिचे मुद्रण माझ्याजवळ आहे. मागे पंगतीची भांडी वाजताहेत, पण पाचही कडवी स्वच्छ ऐकू येतात.